खिडकीबाहेर बघणारी मुलं

या सदराला वाचक मे महिन्यात लिहितात, ती पत्रं माझ्या हाती पडेपर्यंत शाळा सुरू होऊन जातात. यंदाच्या गठ्ठ्यात मुलं आणि झाडं, मुलं आणि माती, मुलं आणि गच्ची असं बरंच होतं. त्यातली सहा घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे काढली, मुंबईतल्या वस्त्या ठेवल्या. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यात माझंही एक जुनं देणं आहे.

नमस्कार बाई. आमची चाळ पाडून टॉवर झाला, आता आम्ही तेविसाव्या मजल्यावर राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. वर्षभर चिडचिड फार. अभ्यासाला बसला की दहा मिनिटांत उठतो, होमवर्कवरून रोज रडारड. मोबाइल काढून घेतला की दार आपटतो. शाळेतल्या बाई म्हणाल्या, याला निसर्गात न्या. म्हणून मेमध्ये एका निसर्ग शिबिराला पाठवला. चार दिवसांचे साडेसात हजार. सकाळी सहाला शिट्टी, दोरीवरून चढणं, पक्षी ओळखायची स्पर्धा. पहिल्याच रात्री फोन, 'मला घरी ने.' आता खाली बागेत चल म्हटलं तरी नको म्हणतो. मिस्टर म्हणतात, हे निसर्ग-बिसर्ग पैसेवाल्यांचं फॅड आहे. खरंच काही उपयोग होतो का?
– एक आई, काळाचौकी

मिस्टरांचं निम्मं बरोबर आहे. साडेसात हजारांचा भाग फॅडच. उरलेलं मात्र फॅड नाही. मला ते पुस्तकांच्या आधी एका मुलाने शिकवलं होतं, पण कळायला पंधरा वर्षं लागली.

तुमच्या घरापासून चालत जाता येईल अशा एका शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मला नोकरी लागून सहा महिने झाले होते. पुढच्या वर्षी माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील गिरणीच्या साचेखात्यात, मागावर, म्हणजे तेव्हा संपामुळे घरीच बसलेले. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं. हा दिवसभर खिडकीबाहेरच्या पिंपळाकडे बघत बसायचा. दोनदा ओरडले. तिसऱ्या वेळी त्याला उचलून भिंतीकडच्या बाकावर बसवलं आणि म्हटलं, 'आता बघ फळ्याकडे.' त्यानंतर तो फळ्याकडे तोंड करून बसायला लागला, आणि मी प्रगतिपुस्तकात 'सुधारणा आहे' असा शेरा मारला. वार्षिक परीक्षेत त्याला सहामाहीइतकेही मार्क पडले नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी समुपदेशनाची पदविका करायला बसले, तेव्हा रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मिशिगन विद्यापीठातल्या जोडप्याचं काम वाचनात आलं. त्यांचं म्हणणं असं. लक्ष दोन तऱ्हेचं असतं. एक आपण जोर लावून लावतो, गणिताला, शुद्धलेखनाला, रस्ता ओलांडताना. ते थकतं. थकलं की माणूस चिडतो, चुळबुळ करतो, हातातलं टाकून उठतो. दुसरं लक्ष आपणहून जातं, हलणाऱ्या पानांकडे, चढत्या भरतीकडे, मुंग्यांच्या रांगेकडे. हे दुसरं काम करतं तेवढा वेळ पहिल्याला विसावा मिळतो. वाचता वाचता मला पिंपळ आठवला. आठ माणसांच्या खोलीतून आलेल्या पोराला दिवसभरात विसाव्याची तेवढी एक जागा होती, आणि तीच मी काढून घेतली होती. असो.

तुम्ही म्हणाल, मोबाइलकडेही लक्ष आपणहूनच जातं की. जातं, पण मोबाइल मानगूट धरून नेतो. पिंपळ तसं करत नाही. त्याच्याकडे बघताना मनात मागे बाकीचे विचारही चालू राहतात, थोडे खाली बसतात.

आता मिस्टरांसाठी पुरावा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या दोन संशोधिकांनी २००९ मध्ये एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. लक्ष टिकत नाही असं निदान झालेली सात ते बारा वर्षांची सतरा मुलं. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी वीस मिनिटं चालवलं, एकदा बागेत, एकदा बाजारपेठेच्या भागात, एकदा राहत्या वस्तीत. चालणं तिन्ही वेळा तेवढंच, पण बागेतून आल्यावर मुलांचं लक्ष जास्त चांगलं लागलं. सतराच मुलं, म्हणून मी त्यावर सगळी मदार ठेवत नाही. पण डेन्मार्कमध्ये २०१९ साली नऊ लाखांहून जास्त माणसांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांच्या बालपणी घराभोवती सगळ्यांत कमी हिरवाई होती, त्यांच्यात पुढे मानसिक आजाराचं प्रमाण सगळ्यांत जास्त हिरवाईत वाढलेल्यांपेक्षा ५५ टक्क्यांपर्यंत अधिक निघालं. आईवडिलांची मिळकत, शिक्षण, घरातले आजार हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला. म्हणून कुंडी आणली की आजार टळला असं होत नाही. नोंदी संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. मिस्टरांना एवढं पुरे.

मग शिबिरात काय बिघडलं? शिट्टी, दोरी, स्पर्धा. जोर लावून लक्ष द्यायचं तेच काम, वर अनोळखी अंथरूण. ती शाळाच झाली, फक्त डासांसकट. पक्षी 'ओळखायचा' म्हटल्यावर तो चुकतो आणि चुकलं की हसतात, हे नऊ वर्षांच्या मुलाला नक्की कळतं.

तुमच्याकडून जवळचं, छोटं आणि पुन्हापुन्हा होणारं काहीतरी हवंय. काळाचौकीहून भायखळ्याची राणीची बाग किती लांब आहे? बेस्टच्या बसने काही थांबे. १८६२ पासूनची बाग आहे, बुधवारी बंद असते. पेंग्विनच्या रांगेत उभे राहू नका, तिथे पुन्हा गर्दी आणि ढकलाढकल. जुन्या झाडांच्या बाजूला जा. तिथे गोरखचिंच आहे, बुंधा असा की दोन-तीन मुलांनी हात धरले तरी वेढा पुरा होत नाही. तिच्याजवळ बसा आणि गप्प राहा. 'काय दिसतंय, सांग बघू' हे विचारायचं नाही. झाडाचं नावही त्याने विचारलं तरच सांगायचं. तुमचा मोबाइल पिशवीत नव्हे, घरी. (हे सगळ्यांत अवघड. मी स्वतः तीनदा नापास झाले आहे.) पहिल्या दोन वेळा तो 'बोअर झालं' म्हणेल. म्हणू दे. मुलाला बोअर झालं की आपण घाबरतो, आणि शिबिरवाल्यांचा धंदा त्या घाबरण्यावरच चालतो.

रोज बाग जमणार नाही, म्हणून घराशी एक कढीपत्ता लावा. माझा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आहे. तेविसाव्या मजल्यावर फुलपाखरू चढेल याची हमी देत नाही. सोसायटीने परवानगी दिली तर कुंडी तळमजल्यावर ठेवा. कढीपत्त्यावर आणि लिंबावर काही मोठी फुलपाखरं अंडी घालतात. निघालेली अळी आधी थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे तिला कुणी खात नाही. मोठी झाली की हिरवीगार. डिवचलं तर डोक्यामागून दोन फाट्यांचं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हे शिंग कोणत्याही व्हिडिओपेक्षा जास्त आवडतं, मी पाहिलंय. साधारण दोन आठवड्यांनी ती कोश करते, पुढच्या आठ-दहा दिवसांत फुलपाखरू. तेवढे दिवस आमटीला कढीपत्ता बाजारातून आणायचा. अळी त्याची, कुंडी त्याची, पाणी त्यानेच घालायचं. अळी मेली तर रडू द्या, लगेच दुसरी आणायच्या भानगडीत पडू नका.

आठवड्यातून तीनदा, वीस-पंचवीस मिनिटं, दोन महिने. तरीही लक्ष टिकत नसेल, वाचताना अक्षरं गाळत असेल, उलटसुलट लिहीत असेल, तर पालिकेच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात बालरोग विभागात दाखवा. अध्ययन अक्षमता असली तर तिला वेगळी मदत लागते, त्या कामी राणीची बाग काही कामाची नाही. आणि 'याला निसर्गात न्या' म्हणणाऱ्या बाईंना विचारा, हा वर्गात कुठे बसतो? खिडकीजवळ का?

माझा नातू पाच वर्षांचा. सोसायटीच्या कुंड्यांतली माती उकरतो, गांडूळ हातावर घेऊन घरात येतो. सूनबाई किंचाळते, दोनदोनदा हात धुऊन घेते, म्हणते जंतू असतात. मी रत्नागिरीकडचा, आम्ही मातीतच वाढलो, काही झालं नाही. कोण बरोबर?
– एक आजोबा, मुलुंड

आजोबा, दोघंही. माती उकरणारं मूल तासभर कुणाला त्रास न देता रमतं, हे सूनबाईंनाही दिसत असेल. पण मुंबईतल्या पावसाळ्यात सूनबाईंचं भय खोटं नाही. साचलेल्या पाण्यात उंदरांचं, कुत्र्यांचं मूत्र मिसळलेलं असतं, आणि पायाला साधं खरचटलेलं असलं तरी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होऊ शकतो. म्हणून डबकं बंद, जखम असेल तर मातीही बंद, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर, नखं कापलेली, शाळेत जंताची गोळी मिळते ती घेतलेली. नर्सरीतून लाल माती आणून एक घमेलं गॅलरीत ठेवा, मांजर शिरणार नाही अशा जागी. खेळून झालं की साबणाने हात, एकदाच. गांडूळ परत कुंडीत.

आणि 'आम्ही मातीतच वाढलो' हे सूनबाईंपुढे म्हणू नका. तुमचे पाय विहिरीवर कोण धुवत होतं, ते आठवून बघा.

आठवड्याला मुलाने निसर्गात किती वेळ घालवावा? ठोस आकडा सांगा. आम्ही दर रविवारी नॅशनल पार्कला जाऊ शकतो.
– एक वडील, बोरिवली

इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ च्या पाहणीत आठवड्याला १२० मिनिटांचा आकडा आला. तेवढा वेळ घालवणारे आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त सांगत होते, आणि तो वेळ एका दमात गेला की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडला नाही. पण ती मोठी माणसं होती. मुलांसाठी माझ्याकडे तसा आकडा नाही. डोळ्यांपुरता सांगते: चीनमधल्या ग्वांगझौ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर काढली, तीन वर्षांनी त्यांच्यात लांबचं नीट न दिसण्याचा चष्मा कमी जणांना लागला होता. ३०.४ टक्के, बाकीच्यांत ३९.५.

तुम्हाला शंभर चौरस किलोमीटरचं जंगल चालत गाठता येतं. काळाचौकीच्या ताई हे वाचत असतील, त्यांना हेवा वाटू देऊ नका. रविवारी गर्दी असते, सोमवारी पार्क बंद. शनिवारी सकाळी जाऊन बघा. मुलाच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ असेल, तर ते उतरवून जा.

मी गोवंडीला शिकवते. वर्गात ४८ मुलं. मैदानाला पेव्हर ब्लॉक, शाळेत एक झाड होतं तेही मागच्या वादळात पडलं. मुलं फार आक्रमक आहेत, मधल्या सुट्टीत रोज मारामारी. निसर्ग वगैरे वाचायला छान वाटतं बाई, पण आमच्याकडे तो आहे कुठे?
– एक शिक्षिका

तुमच्या डोक्यावर आहे. तुमच्या शेजारच्या देवनारच्या कचराडेपोवर जितक्या घारी घिरट्या घालतात तितक्या मलबार हिलच्या मुलांना वर्षात दिसणार नाहीत. मधल्या सुट्टीनंतरची दहा मिनिटं मुलांना खिडकीशी किंवा मैदानात उभं करा, आणि एकच घार निवडून ती पंख न हलवता किती वेळ राहते ते मोजू द्या. ऊन चढलं की तापलेली हवा वर जाते, तिच्यावर घार तरंगते, शेपटी वळवून दिशा बदलते. हे विज्ञानाच्या तासात बसतं, मुख्याध्यापकांना कारण सांगायला सोपं. मोजताना मुलं एकाच बाजूला बघत असतात, एकमेकांकडे नाही. मारामारी थांबेल असं म्हणत नाही. मधली सुट्टी आणि पुढचा तास यांच्यामध्ये एक उंबरा तयार होईल.

बार्सिलोनात सात ते दहा वर्षांच्या २,५९३ मुलांना वर्षभर पाहिलं तेव्हा ज्या शाळांत आणि आजूबाजूला हिरवाई जास्त, तिथल्या मुलांची कामापुरतं लक्षात ठेवायची ताकद जास्त वाढली. त्यातला बराच वाटा वाहनांचा धूर कमी असण्याचा होता, हेही संशोधकांनीच सांगितलं. म्हणजे गोवंडीतल्या मुलांच्या स्वभावाबद्दल बोलण्याआधी त्यांच्या हवेबद्दल बोलायला हवं. ते तुमच्या-माझ्या हातात नाही, पण पालक सभेत बोलता येतं.

एक सहल करा. धारावी आणि माहीमच्या मधल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात. मिठी नदीच्या काठचं हे रान कचऱ्याच्या ढिगावर उभं आहे; १९७७ पर्यंत तिथे शहराचा कचरा पडायचा. डेपोशेजारी राहणाऱ्या मुलांना ते मी सांगण्याआधीच कळलं होतं. आमची मुलं एकदा नेली होती, त्यात डेपोशेजारच्या शिवाजीनगरहून येणारा एक होता, त्याने वाकून माती हुंगली आणि म्हणाला, 'बाई, खाली प्लॅस्टिक असणार.' तुमच्या मुलांनाही म्हणू द्या. त्यातून काही शिकवण काढायला जाऊ नका.

बाई, मी दहावीत आहे. क्लास संपला की आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊन बसते. समोर आंब्याचं जुनं झाड आहे, अंधार पडला की वटवाघळं येतात. तेवढा अर्धा तास बरं वाटतं. खाली आले की परत छातीत धडधड. दोन महिने झोप लागत नाही, जेवावंसं वाटत नाही, मैत्रिणींशी बोलायचा कंटाळा येतो. आई म्हणते गच्चीवर वेळ घालवतेस म्हणून मार्क पडत नाहीत. जाणं बंद करू का?
– विलेपार्ले

बाळ, तुझं पत्र मी सगळ्यांत आधी वाचलं आणि पत्त्यावर वेगळं उत्तर पाठवलं आहे. इथे छापते ते तुझ्यासारख्या इतर मुलींसाठी.

मार्क कमी पडण्याचं कारण गच्ची नाही. दोन महिने झोप नाही, भूक नाही, मैत्रिणी नकोशा, हे थकव्याच्या पलीकडचं आहे, आणि त्यात तुझी काही चूक नाही. ताप महिनाभर उतरला नाही तर आई तुला झाडाखाली बसवणार नाही, डॉक्टरकडे नेईल. हे तसंच आहे. आंबा तुला अर्धा तास सावली देतो, औषध देत नाही.

एक सरळ विचारते. गच्चीवर बसलेली असताना स्वतःला काही करून घ्यावं असं कधी मनात आलं आहे का? आलं असेल तर आजच, हे पान हातात घेऊन, आईला दाखव. तोंडाने बोलवत नसेल तर नुसतं बोट ठेव. आई घरी नसेल तर १४४१६ वर फोन कर, टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तसं काही मनात आलं नसेल तरीही या आठवड्यात डॉक्टरकडे जायचं आहे. आणि सध्या गच्चीवर एकटी नको. तेच झाड खाली उतरून बघ, आईला किंवा आजीला बरोबर घेऊन. वटवाघळं खालूनही दिसतात, आणि पिकलेला आंबा खाताना सांडतात ते तर खालूनच कळतं.

ताई, तुम्ही हे वाचत असाल तर तिच्या शेजारी जाऊन बसा. मार्कांचं पुढच्या महिन्यात बोला.

बाई, हे पान शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ मिळालं. आजी म्हणते हे झाड रात्री झोपतं. खरं का? मी इयत्ता दुसरी.
– दादर (पान सोबत चिकटवले आहे)

आजी खरं सांगते. तुझं पान पोचलं, थोडं चुरगळलं आहे. ते पर्जन्यवृक्षाचं आहे. संध्याकाळ झाली की त्याची बारीक पानं जोडीजोडीने मिटतात आणि सकाळी उघडतात. आभाळ फार भरून आलं तर दुपारीही मिटतात. आता जुलै आहे, भर पावसात आजीला छत्री घ्यायला सांग आणि कट्ट्यावरून वर बघ. ती मिटली होती का उघडी, ते मला कळव. मला दादरला यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात, आणि गुडघा दुखतो.